टिटवीचं नाव कुणी ठेवलं

वडनेर,
१४ जून २०२५

ती. छायाताईंना नमस्कार.

मी फोन केला की तुमच्याकडे रेंज नसते. रेंज असलीच तर समोर कुणीतरी अंगठा लावायला बसलेलं असतं. मागे तुम्हीच म्हणाला होतात, "गावाचं डाकघर चालवते मी, पण माझ्या नावाचं पत्र कधी येत नाही." घ्या, आलं. हे मध्येच कापता येत नाही.

तीन जूनला सकाळी मुलगी झाली. धनंजयने तुम्हाला कळवलं, आणि तुम्ही 'छान' एवढा एक शब्द परत पाठवलात, तोही पोचला. वजन अडीच किलो. आई म्हणतात, "अगदी छायाचं नाक घेऊन आली." रडणं मात्र माझ्या माहेरचं आहे, असं घरात एकमताने ठरलं आहे.

गुरुजींनी पंचांग पाहून अक्षर सांगितलं: टी. तेव्हापासून सगळे मोबाईल घेऊन बसले आहेत. बाबांना टी वरून एकच नाव आठवलं, टीकाराम, आणि ते एका जुन्या तलाठ्याचं होतं. मला मोबाईलवर 'टिया' सापडलं. अर्थ दिलाय 'पक्षी'. पक्ष्याचं नाव मला आवडेल. तुम्ही रोज शेतांमधून गाडी काढता, तुम्हाला पक्ष्यांची ओळख आहे. हे नाव कसं आहे, कुठून आलं, जरा सांगाल?

तेरा जुलैला, रविवारी, बारसं ठरवलं आहे. नाव आत्याने ठेवायचं, कानात आत्यानेच सांगायचं, आणि धनंजयला सख्खी बहीण एकच. तुम्ही याल तेव्हाच तिला नाव मिळेल. तोवर सगळे तिला नुसतं 'बाई' म्हणतात आणि ती त्यावर खूश आहे.

तुमची,
रुचिका

———

तळेगाव (श्यामजी पंत),
२१ जून २०२५

चि. रुचिकाला आशीर्वाद, आणि तुझ्या बाईला दोन पाप्या.

तुझं पत्र थैलीतून निघालं तेव्हा मला वाटलं, वाटणीत चुकून आलं. दोनदा नाव वाचलं. मग डाकघराचं दार लोटून घेतलं आणि वाचलं. सरकारी वेळेत. कुणाला सांगू नकोस.

टियाची चौकशी केली. पक्षी म्हणजे कुठला पक्षी, कुणाच्या शेतात बसतो, काय खातो, काहीतरी असेल ना? मोबाईलला ते विचारायचं सुचत नाही. इथे एक बंगाली डॉक्टर आहेत, त्यांना विचारलं. ते हसले. त्यांच्याकडे टिया म्हणजे पोपट. आता तूच बघ. टिया म्हणून हाक मारायची असेल तर मार, पण पोरगी मोठी होऊन अर्थ विचारेल तेव्हा तोंड लपवू नकोस.

बाकी पक्षी मी रात्रीच्या भाकरी थापताना मनात चाळले. मैना ठेवलं तर पहिल्या दिवसापासून लोक राघू शोधायला लागतील. सुगरण ठेवलं तर जन्मभर चुलीपुढे. हंसा म्हणशील, तर वडनेरात हंस पाहिलाय कुणी? कोकिळा गोड आहे, पण तिचं पिलू कावळीण वाढवते आणि नाव कोकिळेचं होतं. आणि यातलं एकही टी वरून नाही. तेव्हा शोध चालू ठेव.

बारशाला यायचं मात्र जमणार नाही. माझ्या जागी बसायला माणूस मिळत नाही, आणि इथून आर्वी, वर्धा, हिंगणघाट करत वडनेरला पोचायचं म्हणजे दिवस जातो. कानात नाव सांगायला मीच हवी असं कुठे आहे? मोहिनीला बोलाव. चुलतबहीण असली तरी आत्याच लागते. दोन लेकरांची आई आहे, तिचा हात चांगला आहे.

बाळाला दृष्ट काढत जा. तूही खा.

तुझी,
छायाताई

———

वडनेर,
१ जुलै २०२५

ती. छायाताईंना,

बारसं रविवारी आहे. रविवारी डाकघर बंद असतं. तुमच्या जागी बसायला माणूस कशाला हवा, हे मला पत्र संपलं तरी कळलं नाही. धनंजयला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "ताईले यायचंच नाई. काऊन ते तिलेच माहीत."

म्हणून सरळ विचारते. माझ्यावर राग आहे का? लग्न होऊन आले तेव्हा तुमची खोली मला दिली. तुमचं लाकडी कपाट मी वापरते आहे. त्यातल्या तुमच्या साड्या आईंनी वरच्या फळीवर ठेवल्या, तेव्हा मी तुम्हाला विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं. किंवा मुलगी झाली म्हणून काही असेल, तर तेही सांगून टाका. पण तुम्ही तशा नाही असं मला वाटतं.

इकडची एक गंमत. बाबा कपाशीतलं तण काढायला बैलांचा डवरा घेऊन गेले होते. मधोमध बैल थबकले आणि टिटवी अंगावर धावून आली. बघतात तर उघड्या मातीत चार अंडी, ढेकळांच्याच रंगाची. बाबांनी चार बाजूंनी चार तुऱ्हाट्या, तुरीच्या वाळक्या काड्या, रोवल्या आणि तेवढी जागा सोडून डवरा वळवून नेला. आता कपाशीच्या ओळींच्या, त्या हिरव्या तासांच्या, मधोमध खाटेएवढा गवताचा तुकडा उभा आहे आणि त्यात ती बाई बसलेली असते. धनंजय म्हणाला, तास वाकडे झाले. बाबा म्हणाले, "होऊ दे वाकडे. तिची जागा हाय ते."

आईंना मात्र ती आवडत नाही. संध्याकाळी घरावरून ओरडत गेली की त्या बाळाला पदराखाली घेतात. टिटवी ओरडली की घरात काहीतरी वाईट होतं म्हणे. खरं आहे का ते?

बारसं तेराला करत नाही. तुम्ही आल्याशिवाय नाही.

रुचिका

———

तळेगाव (श्यामजी पंत),
१० जुलै २०२५

चि. रुचिका,

कपाटाचा राग? वेडी आहेस. त्या कपाटाचं दार मी असतानाच लागत नव्हतं, खाली घडी करून कागद घालावा लागायचा. अजून घालतेस ना? साड्या तू नेस. मुलगी झाली म्हणून राग, हे तर मनातही आणू नकोस. धनंजयचा निरोप आला त्या दिवशी मी डाकघरात आलेल्या सगळ्यांना पेढे दिले. 'छान' लिहिलं, कारण पुढचं लिहायला घेतलं की हात थांबत होता.

आधी टिटवीचं सांगते, ते सोपं आहे. ती ओरडते तेव्हा तिच्या अंड्यांजवळ काहीतरी आलेलं असतं. कुत्रं, साप, मुंगूस, माणूस. ती झाडावर बसत नाही, तिला आडोसा नाही, म्हणून रात्रंदिवस जागी असते. आम्ही लहान असताना बाबा सांगायचे, टिटवी पाय वर करून निजते, आभाळ पडलं तर सावरायला. मी आणि धनू अंगणात तशा पायांनी झोपून बघायचो. ती कुणाचं वाईट आणत नाही. वाईट येताना तिला आधी दिसतं, इतकंच.

तू नावाचं मूळ विचारत होतीस ना? तिच्या नावाला मूळ नाही. ती जे ओरडते तेच तिचं नाव. शाळेत गुरुजींनी सांगितलेलं आठवतं, संस्कृतातही ती टिट्टिभच आहे. म्हणजे हजारो वर्षं ती आपलं नाव आपणच सांगत फिरते आहे आणि माणसं नुसती लिहून घेतात. तिला आत्या लागली नाही.

आता अवघड ते. सात वर्षांपूर्वी नाचणगावला आमच्या चुलतभावाच्या, अंकुशच्या मुलाचं बारसं होतं. त्याला सख्खी बहीण नाही, म्हणून आत्या मी. नाव मी ठरवलं होतं. नवी साडी नेसले होते. पाळण्याशी वाकले, तेवढ्यात मागून कुणीतरी हात धरला आणि मला सरळ केलं. "तू राहू दे, छाया. मोहिनीले करू दे."

पाच वर्षं संसार करून मूल नाही, म्हणून सासरच्यांनी मला आणून सोडलं होतं, हे तुला माहीत आहे. अशा बाईने लेकराच्या कानाशी तोंड नेऊ नये, असं कुणी बाहेरचं बोललं असतं तर मी भांडले असते. भांडायला मी घाबरत नाही, आमच्या गावात विचार. पण हात धरणारी आई होती. माझी आई. काय भांडणार?

मी मागे जाऊन उभी राहिले, टाळ्या वाजवल्या, घुगऱ्या खाल्ल्या. पुढच्याच वर्षी ही तळेगावची नोकरी घेतली. तेव्हापासून कुणाच्या बारशाला जात नाही. तुझ्या मुलीच्या पाळण्याशी मी वाकले आणि पुन्हा तो हात आला, तर मला सोसणार नाही. म्हणून येत नाही. दुसरं काही नाही.

आईला यातलं काही सांगू नकोस. तिचं वय झालं. कदाचित तिला आठवतही नसेल.

छायाताई

———

वडनेर,
१९ जुलै २०२५

ती. ताई,

तुमचं पत्र वाचून मी गोठ्यात जाऊन रडले. घरात रडले असते तर बाळंतिणीला काय झालं म्हणून सगळे धावले असते.

आईंना सांगितलं नाही. तुम्ही नको म्हणालात. पत्र गादीखाली ठेवलं होतं. पण आज बघते तर त्याची घडी मी घातली होती तशी नाही. आई चौथीपर्यंत शिकल्या आहेत, बोट ठेवून वाचतात. चार दिवस झाले, त्या कुणाशी बोलत नाहीत. काल वरणात दोनदा मीठ पडलं. टिटवी ओरडली तरी पदर पुढे केला नाही, ओट्यावर उभं राहून ऐकत राहिल्या.

ग्रामपंचायतीतून बाळाचा जन्मदाखला आला. नावाच्या रकान्यात काही नाही. मी तो देवाजवळ ठेवलाय.

चारपैकी तीन अंड्यांतून पिल्लं निघाली. निघाल्या निघाल्या चालायला लागली. बाबांनी बाळाला शेतात नेऊन दाखवली. ती झोपलेली होती, पण बाबांच्या मते तिने पाहिली.

रुचिका

———

तळेगाव (श्यामजी पंत),
२८ जुलै २०२५

चि. रुचिका,

गादीखाली पत्र ठेवतात का गं? पोस्टवालीची भावजय ना तू? जाऊ दे. व्हायचं ते झालं. आई बोलत नाही म्हणजे मला कळलं. घरातली गोष्ट मी सुनेपुढे उघडी केली, याचा तिला राग आला असणार. तिच्या जागी मी असते तर मलाही आला असता. तिला सांग, छायाने माफी मागितली आहे.

पण लेकरू बिनानावाचं राहायला नको. दोन महिने होत आले. मी नाव ठरवलं आहे, खरं तर तुझं ते शेतातलं पत्र आलं तेव्हाच ठरलं होतं. ते वेगळ्या पाकिटात बंद करून स्पीड पोस्टने पाठवते आहे. पाकीट बाळाच्या नावाने आहे, म्हणजे 'धनंजयचं बाळ' असं लिहिलं आहे, दुसरं काय लिहिणार? चांगला दिवस पाहून मोहिनीला बोलवा, तिने ते फोडावं आणि कानात सांगावं. माझा आवाज नसला तरी अक्षर माझं असेल. आत्याचं काम झालं असं मी समजेन.

सोबत एक झबलं आहे. टाके वाकडे आहेत. बाबांना सांग, मलाही वाकडे चालतात.

छायाताई

———

वडनेर,
५ ऑगस्ट २०२५

ती. छायाताई,

हे पत्र पोचेल तोवर तुमचं पाकीट तुमच्याकडे परत आलेलं असेल. परतीचा शिक्का बघून घाबरू नका. काय झालं ते जसंच्या तसं सांगते. पाकिटाआधी तुमचं पत्र आलं, ते मी आईंना वाचून दाखवलं होतं.

काल दुपारी पोस्टमन अंकित आला. मी बाळाला न्हाऊ घालत होते, म्हणून आई पुढे गेल्या. झबल्याचं पुडकं घेतलं. पाकीट घेतलं, पालथं केलं, उलटं केलं.

"कोनाच्या नावचं हाय हे?"

"बाळाच्या, काकू. सही करा."

"बाळाचं नाव काय?"

"आता मले काय माहीत? तुमी ठेवलंच नाई अजून."

"मंग ज्याले नावच नाई, त्याचं पत्र म्या काऊन घेऊ? वापस घेऊन जा."

अंकित गांगरला. म्हणाला, काकू, घरचंच तर हाय, छायाताईचं अक्षर हाय. तेव्हा आई म्हणाल्या, "अक्षर मले दिसते. म्हनूनच म्हनून राह्यली. धाडनारीले सांग, असं डाकेनं नाव देत असते का? हातानं आनून दे म्हना."

धनंजय आणि मी दारात येऊन उभे. मी ओल्या बाळाला तसंच धरलेलं. आईंनी आमच्याकडे पाहिलं नाही. बाबांच्या खिशातली पेन्सिल मागून घेतली, ओट्यावर बसल्या आणि पाकिटाच्या मागे काहीतरी लिहिलं. बराच वेळ लागला. आम्हाला दाखवलं नाही. अंकितच्या हातात दिलं आणि आत जाऊन चुलीशी बसल्या. संध्याकाळी वरणात मीठ बरोबर होतं.

तुम्हाला वाटलं तो राग होता. तुम्ही पोस्टात इतकी वर्षं आहात, पण आपल्या आईचं पत्र तुम्हाला वाचता येत नाही, असं बाबा म्हणाले. मी नाही.

पंधरा ऑगस्टला शुक्रवार आहे. मधला शनिवार आणि पुढचा सोमवार तेवढा मागा. बारसं सतराला. वर्ध्याच्या बसस्टँडवर धनंजय घ्यायला येईल.

तुमची,
रुचिका

———

तळेगाव (श्यामजी पंत),
२४ ऑगस्ट २०२५

चि. टिटवीस,

तुझ्या नावाने लिहिलेलं हे जगातलं पहिलं पत्र. तुझी आई वाचून दाखवेल. तू तोवर तिचे केस ओढत राहा.

तुला सगळं पुढे आठवणार नाही, म्हणून लिहून ठेवते. माझं पाकीट परत आलं तेव्हा डाकघरात चार माणसं होती. दुसऱ्यांची परत आलेली पाकिटं मी कितीतरी पाहिली, पण स्वतःचं पहिल्यांदाच. मागे पेन्सिलीने मोठाली अक्षरं होती. "छाया, तवा हात म्या धरला. आताबी म्याच धरीन. येजो. आई." मी डाकघर बंद केलं नाही. तिथेच बसून सगळ्यांसमोर रडले. एका म्हाताऱ्याने विचारलं, कोन गेलं? मी म्हटलं, कुनी नाई गेलं बाबा, बोलावणं आलं.

सतरा तारखेला घर बायकांनी भरलं होतं. मोहिनी होती, नाचणगावची शोभाबाई काकू होती. मी आपल्या सवयीने मागे भिंतीशी उभी राहिले. पाळण्याला गोफ बांधून झाला, आत्या कुठाय म्हणून विचारणा झाली, आणि मी भिंतीला आणखी चिकटले. तेव्हा तुझी आजी आली. सगळ्यांच्या मधून. तिने माझं मनगट धरलं, त्याच जागी, आणि मला ओढत पाळण्यापाशी आणलं. तिने हात सोडला नाही. मी वाकले तेव्हाही सोडला नाही. तुझ्या कानाला तेलाचा वास होता. मी नाव सांगितलं. तू जांभई दिलीस.

मोठ्याने सांगितलं तेव्हा बायकांनी पुन्हा विचारलं. शोभाबाई म्हणाली, "टिटवी? अवो, अपशकुनी पाखरू ते." मी उत्तर देणार होते. इतक्या दिवसांत मी ते पाठ केलं होतं. पण आजी आधी बोलली.

"अपशकुन कायचा वो? जागी राह्यते ते. निजली तं मी होती."

मोहिनीने पाळण्याला पहिला झोका दिला आणि गाणं सुरू केलं. तुझे आजोबा सकाळपासून टीकाराम चांगलं होतं म्हणून चिडवत होते, तेही डोळे पुसत बाहेर गेले. तुझ्या बापाने दाखल्याचा अर्ज खिशातच ठेवला होता, तो तिथेच भरला. तुझ्या आईने मला कपाट उघडून दाखवलं. खाली कागद घडी करून घातलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि मी शेतात गेलो. पिल्लं मोठी होऊन केव्हाच निघून गेली होती. चार तुऱ्हाट्या तशाच उभ्या होत्या आणि मधलं गवत आमच्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं. आई म्हणाली, "तुया बापाले म्हटलं, आता डवरून टाका. तं म्हनते, राहू दे, पुढच्या साली लागन." आम्ही बांधावर बसलो. पुष्कळ बोललो. ते तू मोठी झालीस की सांगेन.

पोळ्याला येता आलं नाही, दिवाळीला येते. पत्र घेऊन अंकित येईल. त्याच्या अंगावर शू करू नकोस, त्याने तुझ्यासाठी एक पाकीट दोनदा वाहिलं आहे.

वर लिहिलंय: कु. टिटवी धनंजय उगेमुगे, मु. पो. वडनेर. शिक्का मी स्वतः मारला, जोरात. या वेळी पत्ता पुरा आहे.

तुझी,
आत्या